उतारवयातील परमुलूख
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सोनपेठ येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘निवृत्तीचा काळ’ हा. त्यावर बोलण्यास मजसारखे पेन्शनर पुष्कळ मिळतील. म्हणून त्यांच्या अनुमतीने मी विषयास थोडे वळण देतो. आपला मुलूख सोडून परक्या खेड्यात उतारवयातील पतिपत्नींनी सेवेस जावे काय, आणि गेल्यास त्यांचा तेथे उपयोग कोणता, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांचा वानप्रस्थाश्रम आपण अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात आपला वानप्रस्थ पुण्यास, आणि एखाद्या भाग्यवंताचा अमेरिकेस, मुलाच्या घरी संपन्न होतो. खिडकीपाशी खुर्ची, आणि नातवंडांची शाळा केव्हा सुटते याची वाट. यात वावगे काही नाही. परंतु त्याच अमेरिकेतून १९६६ साली लिलियन कार्टर नावाच्या अडुसष्ट वर्षांच्या परिचारिका ‘पीस कोअर’ या सरकारी स्वयंसेवकदलातर्फे मुंबईनजीक विक्रोळीस आल्या आणि १९६८ पर्यंत तेथील कामगारवस्तीत राबल्या. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर १९७७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, ती पुढची गोष्ट. पण विक्रोळी काही खेडे नव्हे, आणि या बाई विधवा असल्याने एकट्याच आलेल्या. माझा प्रश्न जोडप्याचा आहे. एकाऐवजी दोघे गेल्याने निराळे काय घडते?

याचे उत्तर शोधण्यास चंपारण्यात जावे लागते. १९१७ साली नीळवाल्यांच्या जुलमाची चौकशी करीत असता गांधीजींनी तेथील खेड्यांत शाळा काढण्याचे ठरविले व बाहेरून स्वयंसेवक मागविले. नोव्हेंबरात बडहरवा लखनसेन येथे पहिली शाळा उघडली. ती चालविण्यास मुंबईहून गेले ते बबनराव गोखले आणि अवंतिकाबाई गोखले हे मराठी दांपत्य. वयाने दोघे म्हातारे नव्हते, पण मुलूख सर्वस्वी परका. आलेल्या भगिनींपैकी कोणास थोडी गुजराती येई, कोणास मराठी. मुलांना हिंदी शिकवावी कशी, ही त्यांची पहिली धास्ती. गांधीजींनी समजावले, व्याकरणापेक्षा मुलांना स्वच्छता व चांगली वागणूक शिकवावयाची आहे. पुढे अवंतिकाबाईंची शाळा नमुनेदार ठरली, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्याहून महत्त्वाची मला वाटते ती त्याच ठिकाणची दुसरी नोंद. या भगिनींमुळेच गावातील स्त्रियांपर्यंत थोडेबहुत पोहोचता आले, असे ते सांगतात. पुरुष कार्यकर्ता ओसरीपर्यंत जातो. चूल कुठे आहे हे त्यास कळत नाही.

भितिहरव्यानजीकच्या एका लहान खेड्यातील प्रसंग आपणांपैकी अनेकांनी वाचला असेल. तेथील स्त्रियांची वस्त्रे मळकी दिसली म्हणून गांधीजींनी कस्तुरबांस विचारावयास पाठविले. एका बाईने त्यांना झोपडीत नेऊन दाखविले की पेटी नाही, कपाट नाही, अंगावरचे लुगडे तेवढेच काय ते आहे. मग धुवावे केव्हा? गांधीजींना मळ दिसला होता. मळाचे कारण कस्तुरबांस उंबरठ्याच्या आत गेल्यावर कळले.

आता वृद्धांचे उदाहरण. १९९० साली बाबा आमटे व साधनाताई यांनी आनंदवन सोडले आणि मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावद येथे बिऱ्हाड केले. बाबांचे वय पंचाहत्तर. पाठीच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच. साधनाताईंनीही साठी ओलांडलेली. वरोऱ्याच्या माळावर चाळीस वर्षे खपून उभी केलेली सावली मागे ठेवून दोघे बुडिताखाली जाणाऱ्या लोकांच्या शेजारी राहावयास गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. सरदार सरोवराचे धरण त्यामुळे थांबले नाही. व्यवहारी मनुष्य विचारील, मग मिळविले काय? माझ्या मते सभा आटोपून सायंकाळच्या गाडीने परतणारा पुढारी आणि रात्री त्याच काठावर दिवा लावणारे म्हातारे जोडपे, यांतला फरक खेड्यातल्या माणसास बरोबर समजतो.

चंपारण्य आणि नर्मदा मी सांगितली ती आपल्या दारातल्या एका गोष्टीसाठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीची माणसे सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती त्या जोडीस. मी शिक्षक असताना सुटीनंतर वर्ग भरला की मागची रांग रिकामी दिसे. हजेरीपटावर नाव राही, मूल निघून जाई, आणि उन्हाळ्यात परत येई ते पाढे विसरून. त्यातही मुलीचे नुकसान आधी होते, कारण आईबाप पहाटे फडात गेले की कोपीपाशी तान्ह्यास धरावयाचे तिनेच. साखरशाळा निघाल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली. तरी पुष्कळ मुले त्यांच्या बाहेरच राहतात.

त्या कोप्यांशेजारी आपण दोघांनी जाऊन राहावे, असा विचार मी घरी बोलून दाखविला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्ही फळा घेऊन बसाल हो. मी तिथं काय करायचं?” मजजवळ तयार उत्तर नव्हते. थोड्या वेळाने पीठ मळता मळता त्यांनीच विचारले, “पहाटे तान्ह्या लेकराला धरतं कोण?” तान्हे मूल आजीच्या मांडीवर राहिले तर त्याची बहीण फळ्यापुढे येऊन बसेल, हा हिशेब माझ्या डोक्यात आला नसता.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कोणी रागावू नये. त्या कोप्यांत आपल्या ज्ञातीची घरे थोडी असतील, कदाचित नसतीलही. मग मंडळाने यात का पडावे, असा प्रश्न येईल. गोखले दांपत्यास बडहरव्यात ज्ञातिबांधव भेटले असतील, असे मला तरी वाटत नाही. शिवाय मी मंडळाचा पैसा मागत नाही. चंपारण्यात गावकऱ्यांनी स्वयंसेवकांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली; येथे उचल फेडणाऱ्या माणसाकडून भाकरी घेणे शोभणार नाही. शिधा आपला, पेन्शनीतून. पहिल्या वर्षी एकच महिना जावे, अंगावर काढू नये. जाण्यापूर्वी तेथील जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावे, मुकादमास विश्वासात घ्यावे आणि मुख्य म्हणजे कोपीतल्या बायकांना विचारावे की आम्ही आलेले तुम्हांस चालेल काय. त्या नको म्हणाल्या तर मुकाट्याने परत यावे.

आम्हांस धरून तीन जोडपी तयार आहेत. त्यांतील एका वहिनींनी सुईणीचे काम जन्मभर केले आहे. दुसऱ्या घरी मधुमेह आहे, म्हणून त्यांस दवाखाना जवळ असलेल्या ठिकाणीच धाडावयाचे ठरले आहे. चौथे जोडपे हवे. त्यांनी आपले नाव दसऱ्यापूर्वी, गाड्या भरण्याआधी, चिटणीसांकडे द्यावे. मात्र नाव देताना दोघांनीही सही करावी.