हमी खेड्यापुरतीच का?



पुण्याच्या सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास भल्या पहाटे अभ्यासिकांचे दिवे लागतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले हजारो तरुण-तरुणी तेथे एका खुर्चीचे भाडे भरून राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी वर्षानुवर्षे बसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये हीच मुले शास्त्री रस्त्यावर रात्रंदिवस ठाण मांडून बसली. आयोगाची २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा बँकभरतीच्या परीक्षेच्या दिवशीच आली होती. शिवाय कृषी विभागाच्या २५८ जागा त्याच परीक्षेत घ्याव्यात, अशी मागणी होती. अखेर परीक्षा पुढे ढकलली गेली. पण परीक्षेच्या तारखेसाठी ज्या तरुणांना रस्त्यावर उतरावे लागते, त्यांना प्रत्यक्ष कामाचा हक्क कोण देणार?

हे दुखणे महाराष्ट्रापुरते नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे साडेसहा कोटी तरुण बेकार होते. पाचांपैकी एक तरुण शिक्षण, प्रशिक्षण वा रोजगार यांपैकी कशातही नव्हता. भारतात २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारी २९ टक्के होती, तर निरक्षर तरुणांतील साडेतीन टक्क्यांहून कमी. याचा अर्थ निरक्षर तरुण सुखी आहे असा नव्हे. रिकामे बसणे त्याला परवडत नाही, म्हणून तो मिळेल त्या मजुरीवर राबतो. शिकलेला वाट पाहतो आणि त्या वाट पाहण्याचा खर्च गावाकडची कोरडवाहू शेती सोसते.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला परके नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, न दिल्यास बेकारभत्ता, हे तत्त्व त्यात होते. त्यासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदारांनी व्यवसाय कर भरला. शहराने खेड्याचे देणे मान्य केले, हे त्या कायद्याचे खरे मोल. पुढे २००५ साली केंद्राने ग्रामीण भारतासाठी असाच कायदा केला.

आज त्याच खडी फोडणाऱ्या मजुरांची नातवंडे पदव्या घेऊन शहरात आली आहेत आणि हमी मात्र वेशीपाशीच थांबली आहे. २०२३ साली सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. जनमताच्या रेट्याने ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. २०२४ साली कार्य प्रशिक्षण योजना आली. तिने पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन दिले, तेही सहा महिन्यांच्या मुदतीने. मुदत वाढवून घेण्यासाठी पुन्हा आंदोलने करावी लागली. विद्यावेतन ही सवलत आहे, हक्क नाही.

युरोपीय संघाने २०१३ साली तरुण बेकार झाल्यापासून चार महिन्यांत त्याला नोकरी, शिक्षण वा प्रशिक्षण देण्याचे वचन दिले. केरळने २०१० साली शहरांसाठी रोजगार हमी योजना आणली. महाराष्ट्राने तर या वाटेवर सर्वांच्या आधी पाऊल टाकले होते. आता मागणी स्पष्ट हवी: रिक्त सरकारी पदे ठरलेल्या वेळापत्रकाने भरावीत, आणि शहरातील तरुणाला शाळा, दवाखाने, ग्रंथालये, नगरपालिका यांत किमान वेतनाच्या कामाची कायदेशीर हमी मिळावी.

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये ठरली. तेव्हापासून पगार कितीतरी पटींनी वाढले, कर मात्र तेथेच राहिला. मोठ्या पगारांवर तो वाढवावा, ही मागणी संघटित नोकरदारांच्या संघटनांनीच प्रथम केली पाहिजे. स्वतःच्या महागाईभत्त्यासाठी लढणारी चळवळ शेजारच्या अभ्यासिकेतील मुलासाठी खिशाला चाट लावून घेण्यास तयार आहे काय, यावरच तिचा समाजवाद पारखला जाईल.