नाव, स्थान आणि वाट



तंजावरात, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या सान्निध्यात, संगणकाविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु संगणकाच्या कार्यप्रणालीवरील पुस्तकाचा अनुवाद करताना जे शब्द अडले, त्यांची उकल मला या ग्रंथालयाच्या सूचींतच सापडली.

वस्तूचे नाव आणि तिचे स्थान या गोष्टी एकच की वेगळ्या, हा मूळ प्रश्न. बर्नेल यांनी १८८० साली राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली. १९१८ साली हा संग्रह सार्वजनिक झाला आणि १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांची वर्णनात्मक सूची खंडशः निघू लागली. क्रमांक नवे आले. मात्र नव्या नोंदीत बर्नेल यांचा क्रमांकही देण्यात आला. त्यामुळे जुन्या लेखातील क्रमांक हाती धरून निघालेला अभ्यासक आजही त्याच पोथीपाशी पोहोचतो. जुनी वाट बुजली नाही.

केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्स प्रणालीत हेच तत्त्व आढळते. तिच्या निर्देशिकेत फाइलचा मजकूर नसतो. नाव आणि क्रमांक एवढेच असते. म्हणून एका फाइलला अनेक नावे देता येतात व एखादे पुसले तरी उरलेल्या नावाने ती सापडते. दुसरी तबकडी एखाद्या निर्देशिकेच्या जागी जोडली, तर वाचकाला एकच सलग वृक्ष दिसतो. या जोडणीला मी ‘कलम करणे’ म्हटले.

पुढे बर्कलेच्या १९८३ मधील आवृत्तीने या व्यवस्थेचा विस्तार केला. केवळ दुसरीकडची वाट सांगणारी खूणनोंद तीत आली. ही खूण एका तबकडीवरून दुसरीवर नेते. पण मूळ फाइल हलवली की ती आंधळी होते. त्याच आवृत्तीत नावाची मर्यादा १४ बाइटांवरून २५५ वर गेली.

ही बाब आपल्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘सरस्वती’ या शब्दात हलन्त व वेलांटी धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. जुन्या मर्यादेत या ग्रंथालयाचे नावसुद्धा मावले नसते! आज ८५ चिन्हे मावतात; तरी लांबलचक ग्रंथनामाला तीही अपुरी पडतात.

म्हणून पोथ्यांची आणि मोडी कागदांची छायाचित्रे संगणकात ठेवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. फाइलला नवे नाव अवश्य द्यावे. परंतु जुन्या सूचीचा क्रमांक तिच्या नोंदीत राखावा. कागद सुरक्षित राहिला आणि त्याच्याकडे नेणारी वाट हरवली, तर वाचकाच्या लेखी तो कागद नष्ट झाल्यासारखाच होय.