लाल अक्षरांची भीती

(गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'संगणक आणि आपण' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी फक्त माझी तीन दिवसांची फजिती सांगणार आहे.

सल्ला केंद्राच्या नोंदी आता संगणकावर आहेत. किती बायकांना पुन्हा पुन्हा यावं लागलं, हे मला मोजायचं होतं. "एखाद्या मुलाला फाइल दे, तासाभरात करून देईल," असं घरच्यांनी सुचवलं. पण त्या फाइलीत बायकांची नावं आहेत, पत्ते आहेत. आपल्यावर विश्वास टाकून त्यांनी ते सांगितलेत. म्हणून चोपन्नाव्या वर्षी मी पायथन ही संगणकाची भाषा शिकायला बसले.

फाइल उघडायला गेले, तर पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळी! घाबरून सगळं बंद केलं. 'आपल्याला नाही जमायचं' हे वाक्य डोक्यात तयारच होतं. ते कुणी शिकवलं, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, वाचायचं. शेवटची ओळ आधी, कारण चूक काय ते तिथे असतं. तिथे होतं: फाइल सापडत नाही. ती तर मला समोर दिसत होती! पण नुसतं नाव दिलं, तर पायथन ज्या फोल्डरमधून चालू आहे तिथेच शोधतं. माझी फाइल दुसरीकडे होती. फोल्डरसकट पूर्ण पत्ता लिहिला, उलट्या तिरप्या रेघांऐवजी सरळ तिरप्या रेघा दिल्या, आणि फाइल सापडली.

तिसऱ्या दिवशी नवी चूक: पाचव्या जागेवरचं चिन्ह वाचता येत नाही. माझ्या फाइलीतला पहिलाच शब्द 'क्रमांक'. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि मोजणी शून्यापासून. म्हणजे 'क' ० ते २, त्याचा पाय मोडणारं हलन्त ३ ते ५. माझ्या विंडोजवर पायथन ती फाइल इंग्रजीसाठीच्या जुन्या तक्त्याने वाचत होतं. हलन्ताचा शेवटचा बाइट त्या तक्त्यातच नाही! उघडताना 'एन्कोडिंग यूटीएफ-८' एवढं सांगितल्यावर मराठी सरळ वाचली गेली.

एक इशारा: मूळ फाइलीची प्रत आधी काढून ठेवा. वाचण्याच्या 'आर'ऐवजी लिहिण्याचं 'डब्ल्यू' दिलंत, तर फाइल उघडताक्षणी रिकामी होते.

केंद्रात बाई आली की आपण विचारतो, काय झालं, कुठे, कधी? 'तुझंच चुकलं असेल' असं म्हणत नाही. मग स्वतःलाच तसं का म्हणतो? लाल अक्षरंसुद्धा काय झालं आणि कुठे, एवढंच सांगत होती. दोष मी स्वतःला देत होते.

मोजणी झाली. नावं केंद्राबाहेर गेली नाहीत. आता हे दोघीतिघींना तरी यायला हवं. शनिवारी या, एकत्र बसू. चुका होतील. त्या मोठ्याने वाचू.