कष्टाचे मोल आणि नुकसानभरपाईचा कायदा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार केवळ त्यांच्या एका विद्यार्थ्याचा आहे. कायद्याची कलमे मी महाविद्यालयात शिकलो. परंतु अपघातग्रस्ताला कोणता प्रश्न विचारावा, हे मला या गावाने आणि गुरुजींनी शिकविले. ते शिक्षण मी मध्यंतरी विसरलो होतो, हेही आज सांगावयाचे आहे.

माझे वडील सालदार होते. आपल्या खानदेशात आखाजीला सालदाराचे वर्ष बदलते. रोख किती, धान्य किती, हे सारे तोंडीच ठरत असे. कागद होत नसे; पण कोणाच्या कष्टाचे मोल काय, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. एका हंगामात वडिलांचा हात मळणीयंत्रात सापडला. मी चार दिवस शाळेत गेलो नाही, म्हणून गुरुजी घरी आले. त्यांनी हाताची विचारपूस केली आणि लगेच विचारले, "आता त्यांचे काम कोण करतो?" आईने माझ्याकडे पाहिले. गुरुजी तसेच उठून मालकांकडे गेले. सकाळचे चारापाणी उरकून मी शाळेत यावे, असे त्यांनी ठरवून दिले. म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.

जळगाव-धुळ्याहून नवापूरमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, सुरतेपुढे हजिऱ्याला जाऊन संपतो. या वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेच्या यंत्रमागांवर आणि हजिऱ्याच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी गेली. त्यांच्यामागून मीही गेलो आणि सुरतेत वकिली करू लागलो.

सुरत आणि हजिरा यांच्यामधले इच्छापोर हे गाव. तेथे एका खोलीत राहणाऱ्या खानदेशी कामगाराची पत्नी रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडून गेली. ही १९९५-९६ च्या सुमाराची गोष्ट. वकीलपत्र घेताना मी विचारले, "त्या काय काम करीत होत्या?" तो अहिराणीत म्हणाला, "काही नही, घरमाच ऱ्हाये." मी तेवढेच लिहून घेतले. १९९४ साली कायद्याला जोडलेल्या कोष्टकात न कमावत्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरलेले होते. तेवढे मी मागितले, तेवढे मिळाले. काम चोख झाले, असे मला वाटले.

पैसे आल्याचे सांगण्यास मी त्यांच्या खोलीवर गेलो. बारा वर्षांची मुलगी दारात बसून व्यापाऱ्याच्या साड्यांना टिकल्या लावीत होती. बाजूला पाण्याचे हंडे, चुलीवर भात, मांडीशी धाकटा भाऊ. शाळा सुटली का, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आई गेली त्याच दिवशी सुटली." जे काम मी 'काही नाही' असे लिहिले होते, ते माझ्यासमोर चालू होते. गुरुजींचा प्रश्न मी विचारला असता, तर टिकल्यांची मजुरी दाव्यात आली असती आणि आईच्या कामाचा हिशेब मला न्यायाधीशांपुढे मांडता आला असता. सालदाराच्या मुलाने कागदावर नसलेले काम पाहू नये, याची लाज मला आजही वाटते.

पुढे न्यायालयांची दृष्टी बदलली. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. २०१० साली राजकुमार खटल्यात असे सांगितले, की हात गमावलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून डॉक्टरांचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नव्हे. २०१४ साली सय्यद सादिक खटल्यात, पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याकडून उत्पन्नाचा पुरावा मागणे वाजवी नाही, असे म्हटले. भाजी विकणे म्हणजे एका जागी बसणे नव्हे, माल घाऊक बाजारातून आणावाही लागतो, हेही सांगितले. आठवड्याच्या बाजाराला गेलेल्या कोणत्याही खेडुताला हे ठाऊक असते. २०२१ साली कीर्ती खटल्यात न्यायालयाने २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीचा आधार घेतला. तीनुसार घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, पुरुष ९७.

खेड्यातील बालपणाने माणूस आपोआप दयाळू होतो, असे मी म्हणणार नाही. पत्नीच्या कष्टाला 'काही नाही' म्हणणारा तो पतीही खेड्यातलाच होता, आणि ते लिहून घेणारा मीही. खेडे आपल्याला कष्ट जवळून दाखविते. ते बोलून दाखविण्याची सवय मात्र आपली आपण लावून घ्यावी लागते. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक अशिलाला पहिला प्रश्न एकच असतो : आता ते काम कोण करते? उत्तर पुष्कळदा एखाद्या मुलाचे नाव असते.

येथील शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. एखाद्या घरी अपघात झाला, तर सांत्वनाबरोबर हा प्रश्न अवश्य विचारा, आणि वर्गातील कोणती जागा रिकामी झाली आहे, तेही पाहा. गुरुजी तसे पाहत असत. त्या मुलीसाठी ते मी वेळेवर केले नाही.