स्प्रे गनचा पहिला हात

भालकी, हुमनाबाद, बसवकल्याणकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात नव्यानं स्प्रे गन धरणाऱ्या तरुणांसाठी आज चार गोष्टी.

निम्मं काम गन उचलण्याआधीच होतं. पत्रा धुवून तेलकटपणा काढा, लांबी भरून घासा. प्रायमर सुकल्यावर 600 ते 800 नंबरचा पॉलिश पेपर पाणी मारत फिरवा.

गन पत्र्यापासून वीतभर लांब, सरळ धरा. मनगट न वळवता हात समांतर न्या. ट्रिगर पत्र्याच्या कडेबाहेर दाबा, पलीकडे गेल्यावरच सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पातळ दोन-तीन हात द्या. एकदम जाड मारला की ओघळ आलाच.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. थिनर हवेतच उडतो, रंग खरखरीत बसतो. म्हणून सकाळी, सावलीत काम करा. सावकाश उडणारा थिनर घ्या.

हार्डनरवाल्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच उत्तम. थिनरजवळ विडी-काडी नको.

आणि हो, आधी भंगारातल्या बॉनेटवर हात बसवा, मगच गिऱ्हाइकाच्या गाडीला लावा.