टाळी माझी, गोष्ट कुणाची?

(वस्तीतल्या वाचनालयात पोरांपुढे केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)

दोस्तहो,

मला सांगितलं होतं, साहित्यावर बोल. मी म्हटलं, साहित्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी पिक्चरवर बोलतो. मी मॅट्रिक पास. गोदीत लोखंडी कॉइलला साखळ्या लावतो. कविता करतो, पण कवितेच्या आधी मला पिक्चरनं धरलं. आपले काही शिकलेले मित्र म्हणतात, पिक्चर म्हणजे अफू. असेल. मग अफूवर ज्यानं ती ओढलीय त्यानंच बोलावं.

आधी कबुली देतो. मला अमिताभ आवडतो. 'दीवार' १९७५ चा. तेव्हा माझा आजा गोदीत गोण्या वाहत होता. पडद्यावर खांद्यावर दोर टाकलेला, शर्टाला गाठ मारलेला, ७८६ नंबरचा बिल्ला लावलेला गोदी कामगार आला आणि आजा म्हणे खुर्चीवरून उठून उभाच राहिला. आपलं काम, आपला घाम, आणि हिरो! कोण राहील बसून? मी तोच पिक्चर मोबाईलच्या बोटभर पडद्यावर वीस वेळा पाह्यला. गोदामाला कुलूप लावून विजय हप्तेवाल्यांना झोडतो तिथं माझ्याही मुठी वळतात. ही टाळी खरी आहे. तिची मला लाज नाही.

पण टाळी वाजवून झाल्यावर डोकं चालू करायचं की नाही?

'दीवार' सुरू कुठून होतो? युनियनच्या पुढाऱ्यापासून. मालक त्याची बायकापोरं धरतो, त्याला सही करायला लावतो, कामगार त्याला गद्दार ठरवतात आणि पोराच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदलं जातं. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत संघटना मेली. मग उरते ती एकट्याची मूठ. ती मूठ पुढं कुठं जाते? सोन्याच्या स्मगलिंगला. गोदीतले बाकीचे हमाल? ते पिक्चरमधून गायब! हप्ता बंद झाला की नाही, पुढं कुणी विचारतच नाही. आणि खरा इतिहास काय सांगतो? गोदी कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९४८ च्या कायद्यानं, आणि तो कागदावरून गोदीत उतरवायला युनियनला लढावं लागलं. पी. डी'मेलोंसारख्या माणसांनी हजारो हात एकत्र बांधले. सलीम-जावेदच्या लेखणीत ताकद होती, पण ह्या हजारो हातांना तिच्यात जागा नव्हती.

हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी आमचा मुकादम रोजच्या मजुरीतून पन्नास-पन्नास कापायला लागला. माझ्या डोक्यात विजय शिरला. मी एकटाच गेलो, चार लोकांत त्याला झापला. टाळी सोडा, कुणी मान वर केली नाही. आठ दिवस मला काम नाही. घरात आई विचारते, तर मी सांगतो ताप आलाय. नवव्या दिवशी आमच्या टोळीतले दोन म्हातारे घरी आले. म्हणाले, "पोरा, असं एकट्यानं नसतं करायचं." मग अकरा जण गेलो. कुणी हात उचलला नाही. नुसते उभे राहिलो, साखळीला हात लावला नाही. दुपारपर्यंत कपात बंद. ह्या सीनवर शिट्टी पडणार नाही. पण चूल पेटली ती ह्या सीनवर.

दुसरी गोष्ट, देवळाची. विजय पायऱ्यांवर बसतो, आत जात नाही. लोक म्हणतात, काय बंडखोर! अरे, तो रुसलाय म्हणून बाहेर आहे. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी आपली माणसं उभी होती, ती रुसली नव्हती. त्यांना आत सोडत नव्हते. त्या दोन 'बाहेर'मध्ये फरक आहे. हिंदी पिक्चरला पहिला 'बाहेर' बरा वाटतो, कारण शेवटी हिरोला आईसाठी आत आणता येतं.

बरं, आपल्यावर पिक्चर निघाले नाहीत असं नाही. १९३६ च्या 'अछूत कन्या'त पोरगी गाडीखाली मरते. १९५९ च्या 'सुजाता'त पोरगी रक्त देते तेव्हा कुठं घरची होते. म्हणजे मरा, नाहीतर रक्त द्या! नूतन मला फार आवडते, तिचे डोळे बोलतात. पण माणूस ठरायला बाटलीभर रक्ताची पावती का लागावी?

मग आले समांतरवाले. 'अंकुर' १९७४, 'आक्रोश' १९८०. मोठी कामं आहेत, मान्य. ओम पुरीसारखा चेहरा पुन्हा होणे नाही. पण बघा, 'अंकुर'मधला किष्टय्या मुका. 'आक्रोश'मधला लहान्या भिकू जवळजवळ सबंध पिक्चर गप्प. आपल्या बाजूनं बोलतो कोण? वकील. कनवाळू डायरेक्टरलासुद्धा आपला माणूस मुकाच बरा वाटला. आणि १९८१ चा 'चक्र'! स्मिता पाटीलनं जीव ओतला. पण जाहिरातीत लावलं काय, तर झोपडपट्टीतल्या बाईचं उघड्यावरचं न्हाणं.

मराठीत मला निळू फुले. खलनायक म्हणून बायका बोटं मोडायच्या, पण १९७९ च्या 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस बघा. सगळ्या सत्तेचा वास घेऊन शेवटी वेडा झालेला पत्रकार. तमाशापट मात्र मला पचत नाहीत. 'पिंजरा'त (१९७२) मास्तर बाईपायी बरबाद झाला म्हणून लोक रडले. त्या बाईची रोजची बरबादी कोण मोजणार?

'कोर्ट' (२०१४) बघताना मला दोनदा झोप लागली, खोटं का बोलू. पण शेवटी बघतो तर न्यायाधीशच बाकावर डुलक्या काढतोय! तेव्हा कळलं, झोप हाच विषय आहे. त्यातला शाहीर म्हणजे वीरा साथीदार, चळवळीतलाच माणूस. २०२१ साली गेला. तो पडद्यावर आला तेव्हा नट आलाय असं वाटलंच नाही.

आता दगडाचं सांगतो आणि थांबतो. 'अंकुर'च्या शेवटी एक पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. २०१३ च्या 'फँड्री'त जब्या दगड मारतो तो थेट आपल्या तोंडावर, बघणाऱ्याच्या. एकोणचाळीस वर्षं तो दगड हवेत होता. पहिला दगड बाहेरून आलेल्या डायरेक्टरनं पोराच्या हातात दिला. दुसरा नागराज मंजुळेनं स्वतःच्या खिशातून काढला. आणि २०१८ च्या 'काला'त रजनीकांत नुसता मारामारी करत नाही, धारावीला काम बंद करायला सांगतो. शहर ठप्प होतं. तो सीन बघताना मला आमचे अकरा जण दिसले. तिथं मी उभा राह्यलो. आज्यासारखा.

तेव्हा पोरांनो, पिक्चर बघा. शिट्ट्या मारा, नाचा. 'सैराट'च्या गाण्यावर मीही नाचलोय, आणि शेवटची ती रक्ताची इवली पावलं बघून घरापर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही. पण बाहेर पडल्यावर प्रत्येक पिक्चरला एक प्रश्न विचारा: हिरो जिंकला, ठीक आहे, त्याच्या मागं उभे होते त्यांचं काय झालं?

कारण दोस्तहो, आपण त्या मागच्यांतले आहोत.

जय भीम.