पापणीकडे पाहा

आज डॉक्टर म्हणून बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अशा समारंभात देश, समाज, भवितव्य यांवर बोलायची रीत आहे. मी मात्र नवजात बाळाच्या पापणीबद्दल बोलणार आहे. सावर्ड्याच्या या वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेल्या तुमच्यापैकी कित्येकांची पहिली नेमणूक एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होईल. तिथे जन्मलेलं बाळ तपासणारे पहिले डॉक्टर तुम्हीच असाल, आणि त्यासाठी नेत्रतज्ज्ञ असावं लागत नाही.

गर्भात दोन्ही पापण्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एकमेकींना चिकटतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यात सुटतात. या घडणीत कुठे खंड पडला, तर पापणीत खाच राहते, तो कोलोबोमा. कधी दोन पापण्यांमध्ये बारीक धागे उरतात. आणि पापणी उचलणारा स्नायूच नीट घडला नाही, तर ती लोंबते, तो टोसिस. तुमच्यासमोर बहुधा हाच येईल.

लोंबली तर लोंबली, मोठेपणी बघू, असं घरचे म्हणतील. पण तेवढं थांबणं महागात पडू शकतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली आणि काही महिन्यांनी उघडली. डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्याला दाद देईनात. मोठ्या मांजरांत तसं झालं नाही. या संशोधनासाठी त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. माणसाच्या बाळालाही पाहायला शिकण्याचा काळ ठरावीकच असतो. बाहुली झाकली गेली, तर तो काळ कुणासाठी थांबत नाही.

तपासायचं कसं? रडणाऱ्या बाळाचे डोळे बोटांनी ओढून उघडू नका. खोलीतला दिवा मंद करा, बाळाला उभं धरा, बहुतेक बाळं आपणहून डोळे उघडतात. दोन्ही पापण्यांची उंची सारखी आहे का, कडा अखंड आहे का, बाहुली मोकळी आहे का, ते पाहा. मग ऑफ्थाल्मोस्कोपमधून दोन्ही बाहुल्यांतली लाल चमक पाहा. आईला विचारायला विसरू नका. काही बाळांची लोंबलेली पापणी दूध ओढताना झटक्याने वर उडते. मार्कस गन यांनी १८८३ साली वर्णन केलेला हा प्रकार बहुतेकदा आईच्याच लक्षात आधी येतो, आणि ती घाबरून गप्प बसते.

ती गप्प का बसते, हे कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको. ग्रहणात हिने भाजी चिरली असेल, असं घरात कुणीतरी बोललेलं असतं. त्या बाईला सासूसमोर, नवऱ्यासमोर सांगा की ग्रहणाने पापणीला काही होत नाही, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. औषधाइतकंच हे तुमचं काम आहे, असं मी मानतो.

तुम्ही एकटे नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जातात. त्यांना पापणी पाहायला शिकवा, कारण पापणीतली रक्तवाहिन्यांची गाठ काही आठवड्यांनीही वाढू लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात दोष शोधून पुढे पाठवण्याची वाट त्याने आखून दिली आहे.

खाच मोठी असेल, तर बुबुळ उघडं पडून सुकतं, व्रण होतो. तिथे वंगणाचं मलम लगेच सुरू करा आणि बाळाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. पापणीने बाहुली झाकली असेल, तर शस्त्रक्रिया लवकर लागते. झाकली नसेल, तर ती साधारण तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबू शकते, पण तोवर नजरेची तपासणी चुकता कामा नये. चिठ्ठीवर नुसतं ‘डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा’ लिहू नका. कोणता डोळा, बाहुली किती झाकली, कधीपर्यंत पोचायचं, हे मराठीत लिहा. आणि दिलेली तारीख उलटली की आशाताईंना फोन करून विचारा, बाळ पोचलं का.